वाचकांचे प्रश्न : गणवेश, स्त्रीवाद आणि युद्ध

सेनादलांतील स्त्रियांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखिकांच्या विनंतीवरून त्यांची नावे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सेनेत अधिकारी आहे. प्रशिक्षणाच्या काळात मला कोणी स्त्रीवादी म्हटलेले आवडत नसे, कारण मी सवलत मागते आहे असा त्याचा अर्थ लावला जाईल अशी धास्ती वाटे. पुढे समजले की आज मी ज्या पदावर आहे ते पद माझ्याआधीच्या स्त्रियांनी न्यायालयात भांडून मिळवले, आणि तेव्हापासून त्या धास्तीची थोडी लाज वाटते. स्त्री-चळवळीत काम करणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणी म्हणतात की तू पुरुषी हिंसेच्या यंत्रणेत सामील झालीस, ही काही मुक्ती नव्हे. माझे काम मला मनापासून आवडते. तरीही शस्त्रे पाहून जल्लोष करणारी गर्दी दिसली की मी अवघडून जाते. मी स्त्रीवादी आहे का, आणि असेन तर या गणवेशात मी काय करते आहे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एखाद्या कामाला पात्र असलेल्या व्यक्तीला ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने दारातून परत पाठवणे न्याय्य आहे का, हा पहिला. ते काम, म्हणजे राज्यसंस्थेच्या वतीने संघटित बळ वापरण्याचे काम, कधी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या मर्यादेत न्याय्य ठरते, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर स्वच्छ आहे : न्याय्य नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येक युद्धाच्या वेळी, कधी कधी प्रत्येक हुकुमाच्या वेळी नव्याने शोधावे लागते, आणि ते शोधण्याची जबाबदारी गणवेशातल्या पुरुषावरही तुमच्याइतकीच आहे. तुमच्या मैत्रिणींनी तुम्हाला हा दुसरा प्रश्न विचारला यात गैर काही नाही. सैन्यात असलेल्या आपल्या भावांना आणि वर्गमित्रांनाही तो त्यांनी विचारला असेल, तर तो खरोखर युद्धाविषयीचा प्रश्न आहे. केवळ तुम्हालाच विचारला असेल, तर हिंसेचा नैतिक हिशेब फक्त स्त्रीने द्यायचा, ही जुनीच अपेक्षा त्यात नकळत शिरलेली आहे.

प्रशिक्षणातल्या तुमच्या धास्तीबद्दल लाज वाटून घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. जिथे शेकडो पुरुषांमध्ये मोजक्या स्त्रिया असतात, तिथे एका स्त्रीची चूक साऱ्या स्त्रियांच्या खात्यावर मांडली जाते आणि तिचे यश मात्र अपवाद म्हणून बाजूला ठेवले जाते. अशा जागी 'मी आधी अधिकारी, मग स्त्री' असे म्हणणे हा टिकून राहण्याचा मार्ग असतो. अनेक देशांतल्या, अनेक पिढ्यांतल्या स्त्री-सैनिकांनी तो धरला आहे, आणि त्याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांना त्या जागेची किंमत मोजावी लागलेली नसते.

पण तो मार्ग एकट्याने चालून फार दूर जाता येत नाही, हे आपल्याच सेनेच्या इतिहासात दिसते. वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडून इतर शाखांत स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये सुरू झाली, तीही आरंभी पाच वर्षांच्या मर्यादित मुदतीसाठी. त्यानंतरच्या वर्षांत या अधिकाऱ्यांनी उत्तम काम केले, पदके मिळवली, पण स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याची नेमणूक, त्यांना नुसत्या कर्तबगारीने मिळाले नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे दावे चालले. सर्वोच्च न्यायालयात शासनाच्या बाजूने असाही मुद्दा आला की जवानांपैकी बहुतेक ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांची मानसिक तयारी नसते. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद रूढ समजुतींवर आधारलेला म्हणून फेटाळला, सेवाकालाची अट न घालता स्थायी कमिशनचा विचार करण्यास सांगितले आणि नेतृत्वपदांवरील सरसकट बंदीही टिकणारी नाही असे म्हटले. त्यानंतर निवड सुरू झाली, तेव्हा पुरुष अधिकारी तरुण वयात ज्या वैद्यकीय कसोटीला उतरले होते तीच कसोटी चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना लावण्यात आली, आणि ज्या काळात त्यांना पुढे नेण्याचा कोणाचा विचारच नव्हता त्या काळातले गोपनीय अहवाल त्यांच्या विरोधात मोजले गेले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने यालाही अप्रत्यक्ष भेदभाव ठरवले. नियम वरून सारखा दिसतो आणि आतून एकाच बाजूला झुकलेला असतो, हे ओळखणे म्हणजेच स्त्रीवादी विचार करणे होय. त्या अधिकारी स्त्रिया स्वतःला काय म्हणवून घेत होत्या, याला माझ्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. त्यांनी सवलत मागितली नव्हती. सहकाऱ्यांना लागू असलेल्या अटी आपल्यालाही लागू व्हाव्यात एवढेच त्यांचे म्हणणे होते. तुम्ही त्याच परंपरेत उभ्या आहात.

आता तुमच्या अवघडलेपणाविषयी, कारण मला तोच तुमच्या पत्राचा गाभा वाटतो. सैनिक असणे आणि लष्करवादी असणे या भिन्न गोष्टी आहेत. बळ हेच पहिले उत्तर मानणे, लष्करी गुणांना नागरी गुणांहून श्रेष्ठ समजणे आणि प्रश्न विचारणाऱ्याला द्रोही ठरवणे, याला मी लष्करवाद म्हणते, आणि आयुष्यात कधी गणवेश न घातलेला मनुष्यही त्यात पुरता बुडालेला असू शकतो. उलट, शस्त्र काय करते हे ज्याने जवळून पाहिले आहे, अशा सैनिकाला त्या जल्लोषात सामील होणे अनेकदा जमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युरेंबर्ग खटल्यांपासून 'वरिष्ठांचा हुकूम होता' एवढ्या बचावावर युद्धगुन्ह्याच्या जबाबदारीतून सुटका होत नाही, हे तत्त्व मान्य झालेले आहे. म्हणजे सैनिकाकडून आज्ञापालनाबरोबर विवेकाचीही अपेक्षा कायदाच करतो, आणि जल्लोषाच्या वेळी मागे राहणारा तुमचा तो भाग या विवेकाच्या बाजूचा आहे.

मैत्रिणींचे म्हणणे मात्र पूर्णपणे झटकून टाकू नका. १५ जुलै २००४ रोजी इंफाळमध्ये कांगला किल्ल्याच्या दारात, आसाम रायफल्सच्या तेव्हाच्या मुख्यालयासमोर, बारा प्रौढ स्त्रियांनी विवस्त्र होऊन निदर्शने केली. जवानांनी ताब्यात घेतलेल्या एका तरुणीचा मृतदेह सापडला होता, त्याचा तो निषेध होता. त्या निदर्शक स्त्रियाही स्त्रीवादाच्याच इतिहासात आहेत, आणि न्यायालयात स्थायी कमिशनसाठी लढलेल्या अधिकारीही. एका बाजूला सैन्यात समान स्थान मागणारी स्त्री, दुसऱ्या बाजूला सैन्याच्या बळाखाली जगणारी स्त्री. पहिलीच्या हक्कासाठी दुसरीला विसरावे लागत असेल, तर काहीतरी चुकते आहे. ही जाणीव घेऊनही गणवेशात राहता येते. किंबहुना ती ज्यांना आहे अशा अधिकाऱ्यांच्या हाती एखादी तुकडी असणे, ही त्या दुसऱ्या स्त्रीच्या दृष्टीनेही महत्त्वाची गोष्ट आहे.

प्रश्न : आमचा एक छोटा स्त्रीवादी अभ्यासगट आहे. 'विविध क्षेत्रांतील स्त्रिया' या विषयावरील प्रदर्शनात लढाऊ विमानाच्या स्त्री वैमानिकाचे छायाचित्र लावावे की नाही, यावरून आमच्यात मोठा वाद झाला. युद्धाला विरोध करणाऱ्या गटाने युद्धाच्या साधनाचा गौरव करणे विसंगत नाही का?

उत्तर : तुमचा वाद नवा नाही, आणि तो आजवर मिटलेला नाही हे मला चांगलेच लक्षण वाटते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडमध्ये तो एका घरात झाला. मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांची कन्या क्रिस्टाबेल यांनी आंदोलन थांबवून युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला. दुसरी कन्या सिल्विया युद्धविरोधी राहिली आणि पूर्व लंडनमधल्या कष्टकरी स्त्रियांमध्ये काम करत राहिली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये हेग येथे लढणाऱ्या आणि तटस्थ अशा दोन्ही प्रकारच्या देशांतून हजाराहून अधिक स्त्रिया शांतता परिषदेसाठी जमल्या. अमेरिकी समाजसेविका जेन अॅडम्स त्या परिषदेच्या अध्यक्षा होत्या, आणि १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मताधिकाराच्या लढ्यात या साऱ्या स्त्रिया एका बाजूला होत्या. युद्धाच्या प्रश्नावर त्या फुटल्या.

पुढे हाच पेच कायद्याच्या भाषेत आला. अमेरिकेत सक्तीच्या लष्करी नोंदणीतून स्त्रियांना वगळणे घटनात्मक आहे का, हा प्रश्न १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर होता आणि न्यायालयाने फक्त पुरुषांची नोंदणी वैध ठरवली. त्या वेळी 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या संघटनेने घेतलेली भूमिका मला आजही विचार करण्याजोगी वाटते : सक्तीच्या भरतीला आमचा विरोध आहे, पण भरती होणारच असेल तर स्त्रियांना वगळू नये, कारण नागरिकत्वाचे ओझे वाहण्यातून जिला वगळले तिला नागरिकत्वाच्या अधिकारातूनही सहज वगळता येते. इस्रायलमध्ये अॅलिस मिलर यांना वैमानिक-प्रशिक्षणाच्या चाचण्यांना बसू दिले जात नव्हते. १९९५ मध्ये न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवली. त्या स्वतः वैद्यकीय चाचणीत अपात्र ठरल्या, पण दार उघडले. आणि त्याच समाजात तीन वर्षांनी 'न्यू प्रोफाइल' ही स्त्रीवादी चळवळ सुरू झाली, जी समाजाच्या एकूण लष्करीकरणालाच प्रश्न विचारते. या दोन्ही घटना मी एकाच देशातून मुद्दाम घेतल्या आहेत, कारण एकीशिवाय दुसरी अपुरी आहे.

तेव्हा छायाचित्र लावा, असेच मी म्हणेन. त्या वैमानिकेने जे साध्य केले ते कष्टाचे आहे, तिच्या बुद्धीचे आणि धैर्याचे आहे, आणि ते प्रदर्शनातून लपवले तर तिला पुरुषांच्या हातचे बाहुले मानल्यासारखे होईल. अनेक स्त्रियांसाठी सैन्य म्हणजे नियमित वेतन, प्रशिक्षण, निवृत्तिवेतन आणि घराबाहेर स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याची पहिली संधी असते. त्यांची दिशाभूल झाली आहे असे दुरून सांगणे सोपे आहे. तितकीच प्रतिष्ठा आणि सुरक्षितता देणाऱ्या दुसऱ्या नोकऱ्या त्यांना कुठे आहेत, याचे उत्तर देणे तेवढे सोपे नाही.

छायाचित्राचा धोका दुसरीकडे आहे. स्त्रियांचे हक्क युद्धाचे समर्थन म्हणून पुढे केले जातात, तेव्हा सावध व्हावे. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानातील मोहीम सुरू असताना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी नभोवाणीवरील भाषणात दहशतवादाविरुद्धचा लढा हा स्त्रियांच्या हक्कांचा आणि सन्मानाचाही लढा असल्याचे सांगितले. त्या वर्षांत अफगाण मुली शाळेत गेल्या, स्त्रिया संसदेत आल्या, आणि ते यश त्यांचे स्वतःचे होते. पण ऑगस्ट २०२१ मध्ये परकी सैन्य निघाले आणि तालिबान परतले, तेव्हा मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, आणि ज्यांच्या नावाने युद्ध समर्थनीय ठरवले गेले होते त्यांना तालिबानशी झालेल्या वाटाघाटींत किती थोडे स्थान होते हे उघड झाले. याच युद्धात स्थानिक स्त्रियांची झडती आणि चौकशी करण्यासाठी अमेरिकी स्त्री-सैनिकांची खास पथके लढाऊ तुकड्यांबरोबर पाठवली जात होती. त्याच वेळी स्त्रियांना थेट भू-लढाईच्या तुकड्यांत नेमायचे नाही, हा १९९४ चा नियम कागदावर लागू होता. तो जानेवारी २०१३ मध्ये रद्द झाला. म्हणजे गरज होती तेव्हा त्यांना लढाईत नेले आणि श्रेय व बढतीच्या वेळी त्या लढाईत नव्हत्या असे धरले गेले. सिंथिया एन्लो या अभ्यासक गेली अनेक दशके हेच दाखवत आल्या आहेत की परिचारिका, सैनिकांच्या पत्नी, माता, कारखान्यातील कामगार आणि आता स्त्री-सैनिक, अशा अनेक स्त्रियांच्या श्रमांवर लष्करी व्यवस्था उभी असते आणि त्या श्रमांचा अर्थ मात्र ती व्यवस्थाच ठरवते.

छायाचित्राखालच्या मजकुरात त्या वैमानिकेच्या प्रशिक्षणाविषयी आणि ते दार कधी, कोणाच्या प्रयत्नांनी उघडले याविषयी लिहा. शेजारी हेगच्या परिषदेचे छायाचित्रही लावा. पाहणाऱ्याला दोन्हींसमोर थांबू द्या.

प्रश्न : स्त्रियांची संख्या वाढली तर सैन्य अधिक मानवी होईल, असे मला वाटते. आपले मत काय?

उत्तर : या आशेमागची भावना मी समजू शकते, पण ती मला धोक्याची वाटते. २००४ मध्ये इराकमधील अबू घ्रेब तुरुंगातली छायाचित्रे जगासमोर आली, तेव्हा कैद्यांची विटंबना करणाऱ्यांत अमेरिकी स्त्री-सैनिकही होत्या, आणि त्या तुरुंगाची जबाबदारी ज्या ब्रिगेडकडे होती तिची प्रमुखही स्त्री होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सुमारे ८ लाख स्त्रियांनी सेवा केली. त्यांनी वैमानिक, नेमबाज, रणगाडा-चालक म्हणून पुरुषांइतक्याच निर्धाराने युद्ध लढले, आणि युद्ध संपताच त्यांच्यापैकी बहुतेकींना घरी पाठवण्यात आले. स्त्रीच्या अंगी जन्मतः सौम्यता असते असे मानले, तर ती सौम्यता दाखवण्याची सक्ती पुन्हा तिच्यावरच येते आणि क्रौर्य रोखण्याचे पुरुषांचे कर्तव्य हलके होते. संस्था मानवी होते ती स्पष्ट नियमांनी, स्वतंत्र चौकशीने आणि गुन्हा करणाऱ्याला पाठीशी न घातल्याने. स्त्रियांना सैन्यात घ्यावे ते त्या पात्र आहेत म्हणून. सैन्याला सुधारण्याचे काम त्यांच्या नेमणुकीची अट होता कामा नये.

प्रश्न : एका वरिष्ठाने माझ्याशी वारंवार अश्लाघ्य वर्तन केले. मी एका ज्येष्ठ स्त्री अधिकाऱ्यांशी बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू तक्रार केलीस तर लोक म्हणतील, बघा, म्हणूनच बायका नकोत इथे. आपण इतकी वर्षे जे कमावले ते जाईल." त्या स्वतः फार सोसून इथवर आल्या आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. मी गप्प बसले तर स्त्री म्हणून चुकते, बोलले तर सैनिक म्हणून आणि कदाचित स्त्री म्हणूनही चुकते, असे वाटते.

उत्तर : तुम्ही कोणत्याही बाजूने चुकत नाही आहात. ज्याने ते वर्तन केले तो चुकला आहे, आणि ही गोष्ट इतकी साधी असूनही तुमच्या पत्रात ती कुठेच आली नाही याचे मला फार वाईट वाटले.

त्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांचा सल्ला मी दुष्टपणाचा मानत नाही. ज्या काळात त्या एकट्या होत्या, त्या काळात मौन हेच त्यांचे चिलखत होते. पण तुकडीच्या प्रतिष्ठेसाठी जखमी व्यक्तीने गप्प राहावे, ही शिकवण लष्करवादाचे आतले रूप आहे. बाहेर तो शत्रूविषयी प्रश्न विचारू देत नाही, आत स्वतःविषयी. आणि मौनाने स्त्रियांचे स्थान सुरक्षित होते, याला अनुभवाचा आधार नाही. कॅनडात २०१५ मध्ये माजी सर्वोच्च न्यायालयीन न्यायमूर्ती मारी देशाँ यांच्या अहवालाने सेनादलांतील लैंगिक शेरेबाजी व शत्रुत्वाचे वातावरण उघडपणे नोंदवले. बढतीवर परिणाम होईल, कोणी विश्वास ठेवणार नाही, या भीतीने बहुतेक तक्रारी दाबल्या जातात असे त्यात स्पष्ट म्हटले होते, आणि तक्रार घेणारे केंद्र अधिकारपरंपरेच्या, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांच्या हुकुमाच्या साखळीच्या, बाहेर असावे अशी शिफारस होती. अमेरिकेत डिसेंबर २०२१ च्या कायद्याने बलात्कार व लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे दिला आणि ही व्यवस्था डिसेंबर २०२३ मध्ये अमलात आली. यांपैकी कोणत्याही बदलानंतर स्त्रियांना सैन्यातून बाहेर काढले गेले नाही. हे बदल घडले ते बोलणाऱ्या स्त्रियांमुळे, आणि त्यांच्यातील अनेक जणी आपल्या सेवेचा अभिमान बाळगणाऱ्या सैनिक होत्या.

तरीही तक्रार करा असा हुकूम मी तुम्हाला देणार नाही, कारण तिची किंमत तुम्हाला मोजावी लागेल आणि ती किती असेल हे तुम्हीच जाणता. निर्णय कोणताही असो, आज एवढे करा : काय घडले ते तारीख, वेळ, जागा आणि उपस्थित व्यक्तींसह स्वतःच्या हाताने लिहून ठेवा, संदेश व नोंदी जपून ठेवा, आणि त्यांची एक प्रत तुकडीबाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे द्या. लष्करी कायदा जाणणाऱ्या, पण तुमच्या अधिकारपरंपरेत नसलेल्या वकिलांचा सल्ला घ्या आणि तक्रारीची मुदत कोणती हे आधी विचारून घ्या. शक्य असेल तर हे पत्र त्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनाही वाचायला द्या. त्यांनी इतकी वर्षे कोणाला सांगितले नाही असे काही त्यांच्यापाशीही असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही, आणि तसे असेल तर साक्षीला एकीऐवजी दोघी असतील.